आयव्ही, तोंडली आणि चार मेलेल्या कुंड्या

पहिली आयव्ही घरी आणली तेव्हा आईने चष्मा कपाळावर चढवून पानं निरखली आणि म्हणाली, "अगं ही तर तोंडलीची वेल, हिचे पण पैसे घेतात होय आता?" मी तिला समजावत बसले की नाही आई, ही आयव्ही, इंग्लंडात जुन्या दगडी घरांच्या भिंतींवर असते बघ ती, तर तिचा पुढचा प्रश्न तयार होता. "मग याला येतं काय?" काहीच येत नाही म्हटल्यावर तिचा त्या कुंडीतला रस तिथल्या तिथे संपला. गंमत म्हणजे पुढे बऱ्याच दिवसांनी मला कळलं की तोंडलीला इंग्रजीत आयव्ही गोर्डच म्हणतात, पानांच्या आकारावरूनच, त्यामुळे आई काही फार चुकली नव्हती.

ती कुंडी एप्रिलात गेली. दुसरी पुढच्या जुलैत. तिसरी परत एप्रिलात, आणि चौथी नक्की कधी गेली हे मला अजूनही माहीत नाही कारण आयव्ही मेलेली लवकर कळतच नाही, तुळस कशी मान टाकते, पुदिना कसा लोळतो, तसं काही ही करत नाही, पानं जागच्या जागी हिरवीच राहतात आणि एक दिवस हात लावला की चुरचुर आवाज येतो. मी त्या चौथीला बहुतेक दोन आठवडे मेल्यावर पाणी घातलंय. आता पाचवी आहे, तिला तीन वर्षं झाली, खिडकीच्या ग्रिलभर पसरलीये, आणि एवढ्या भांडवलावर मी ही पोस्ट लिहितेय.

आधी एक गोष्ट. नर्सरीत जाऊन नुसतं "आयव्ही द्या" म्हणालात तर काहीही हातात पडू शकतं. मला एकाने मनी प्लांट दिला होता (त्याचं एक इंग्रजी नाव डेव्हिल्स आयव्ही आहे हे खरं, पण तो वेगळा, तो मूळचा पॅसिफिकमधल्या मोओरेआ बेटावरचा आणि आपल्या उकाड्यात मजेत राहतो), दुसऱ्याने सिंगोनियम पुढे केलं, आणि कंपाउंडच्या भिंतीला चिकटलेली ती बारीक पानांची हिरवी चादर, तिलाही लोक सर्रास आयव्ही म्हणतात पण ती फायकस पुमिला, म्हणजे वड-पिंपळ-उंबराची बहीण. खरी इंग्लिश आयव्ही म्हणजे हेडेरा हेलिक्स. पान तीन किंवा पाच टोकांचं, थोडं जाड, तुकतुकीत, शिरा फिकट, आणि दांड्याला लक्ष देऊन बघितलं तर एका बाजूने ब्रशच्या केसांसारखी बारीक मुळं फुटलेली असतात. तोंडलीसारखे स्प्रिंगचे ताणे तिला अजिबात नसतात, आईला हे दाखवलं तेव्हा तिने पहिल्यांदा मान्य केलं की ही तोंडली नाही.

आता पहिल्या कुंडीचं काय झालं ते. ती मी डिसेंबरात पाचगणीहून आणली होती, रस्त्याकडेच्या नर्सरीत काय दिसत होती म्हणून सांगू, हँगिंग पॉटमधून खाली लोंबणाऱ्या पांढऱ्या कडांच्या वेली, मला वाटलं हीच लावायची. पुण्यात जानेवारी-फेब्रुवारी तिने छान काढला. मार्चमध्ये उन्हं तापली तशी मला तिची दया यायला लागली, बिचारी थंड हवेची, म्हणून मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला लागले. पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मला वाटलं पाणी कमी पडतंय, अजून घातलं. आणि इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे, आयव्हीची मुळं पाण्याने कुजली तरी पानं वाळतातच आणि पाण्यावाचून तहानली तरी वाळतातच, वरून दोन्ही सारखंच दिसतं. मेल्यावर कुंडी उलटी केली तर आत नर्सरीचा तो नुसत्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) गोळा, ओलाकिच्च, आणि मुळं काळी, बोटाने ओढली की सालपट हातात. म्हणजे मी तिला उन्हात ठेवून बुडवून मारली होती.

तेव्हापासून नियम एकच, बोट घालून बघायचं. वरची इंचभर माती कोरडी लागली तर पाणी, नाहीतर नाही, मग भले चार दिवस जावोत. थंडीत माझ्याकडे आठवड्यातून एकदाच लागतं. आणि द्यायचं तेव्हा खालून निथळेपर्यंत द्यायचं, बशीत साठलेलं ओतून टाकायचं, ते कपभर पाणी रोज देवाला अर्घ्य दिल्यासारखं घालायचं नाही. मातीत मी आता निम्मी लाल माती, थोडं कोकोपीट, मूठ-दोन मूठ गांडूळखत आणि बाकी परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) घालते, परलाइट नसलं तर बांधकामाची जाडी वाळू धुऊन चालते. आपली काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून बसते.

खरा व्हिलन मात्र पाणी नाही. खरा व्हिलन म्हणजे लाल कोळी. वांगी-भेंडी लावणाऱ्यांना, शेतकऱ्यांना हा चांगला माहीत आहे, मला नव्हता. मार्च-एप्रिलमध्ये पुण्याची दुपारची हवा अशी कोरडी होते की गच्चीत टाकलेले पापड दोन तासांत वाजायला लागतात, आणि या किड्याला नेमकं तेच हवं असतं, गरम आणि कोरडं. डोळ्यांना तो जवळजवळ दिसतच नाही. आधी पानांवर बारीक पिवळट ठिपके दिसतात, कुणीतरी सुईने टोचल्यासारखे, मग पान निस्तेज, करड्या झाकेचं होतं, आणि पानाखाली, बेचक्यात, अगदी तलम जाळं. माझी तिसरी कुंडी यानेच खाल्ली आणि मी आपली खत कमी पडतंय म्हणून खत घालत होते! संशय आला तर पानाखाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारायची, कागदावर मिरपुडीसारखे कण पडले आणि ते चालायला लागले की समजायचं.

यावर सगळ्यात भारी उपाय फुकटचा आहे, आंघोळ. खरंच सांगते, मी आयव्हीची कुंडी दर रविवारी बाथरूममध्ये नेते, मातीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधते आणि हँड शॉवरने पानं खालून-वरून धुते, विशेषतः खालून. घरच्यांनी सुरुवातीला खूप हसून घेतलं. (नवऱ्याचं म्हणणं, "माझी गाडी एवढ्या वेळा धुतली जात नाही." त्याला मी म्हटलं गाडी तू धूस.) प्रादुर्भाव असेल तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि लिक्विड सोपचे चार थेंब, नीट हलवून संध्याकाळी फवारायचं, उन्हात नाही, आणि पाच-सहा दिवसांच्या अंतराने निदान तीनदा, कारण अंड्यांतून पुढची पिढी निघतच असते. एकदा मारून निवांत बसलात तर दहा दिवसांनी परत मैफल जमलेली असते.

माझं पुण्याचं आयव्ही कॅलेंडर आता साधारण असं झालंय. ऑक्टोबर ते फेब्रुवारी तिचे दिवस, तेव्हा ती पूर्वेच्या बाल्कनीत असते, सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन तिला चालतं, आवडतंच, याच काळात नवी पानं फुटतात आणि खतही मी याच काळात देते, महिन्यातून एकदा पातळ करून, बस. मार्च लागला की आत. आमच्या बाथरूमला उत्तरेची खिडकी आहे, तिथल्या कट्ट्यावर ती एप्रिल-मे काढते. एसीच्या खोलीत ठेवायची आयडिया मीही करून बघितली, थंडावा मिळतो पण हवा आणखी कोरडी होते आणि कोळी परत हजर. नागपूरच्या मैत्रिणीने मात्र कूलरच्या वाऱ्याच्या वाटेत, थोडी लांब, ठेवून तिकडचा मे काढून दाखवला, कूलरची हवा ओलसर असते ना, आणि नागपूरचा मे म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे! उन्हाळ्यात खत बंद, छाटणी बंद, कुंडी बदलणं बंद. तिला वाढवायचं नाही, नुसतं टिकवायचं, परीक्षेच्या दिवसात मुलांना जसं आपण नुसतं खाऊ-पिऊ घालतो तसं. पावसाळ्यात कुंडी थेट पावसाखाली नाही, दुसरी तशीच गेली, पावसाचं पाणी झाडांना अमृत वगैरे ऐकून मी ती ग्रिलबाहेर टांगली होती आणि आठ दिवस झड लागली.

पांढऱ्या कडांच्या जाती दिसायला सुंदर पण त्यांना उजेड जास्त लागतो, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं की नवी पानं सरळ हिरवी यायला लागतात, तसा पूर्ण हिरवा फाटा आला की कापून टाकायचा नाहीतर तोच जोमाने वाढून बाकीच्यांना मागे टाकतो. पहिल्यांदाच लावत असाल तर साधी हिरवी घ्या.

आणि छाट. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चार-पाच इंचांचा तुकडा, पेराच्या जरा खाली कापायचा, खालची पानं काढून पाण्याच्या बाटलीत, दोन-तीन आठवड्यांत मुळं. मी दर वर्षी दिवाळीच्या आसपास सहा-सात बाटल्या लावून ठेवते. विमा म्हणून. जुनी गेली तरी घरात एक तरी असतेच, आणि पाचवी कुंडी जगलीये असं मी जे मोठ्या तोंडाने सांगते त्यात थोडी चलाखी आहे, तिच्यातली निम्मी वेल मधल्या एका छाटाची आहे.

व्हॉट्सॲपवर ते फॉरवर्ड तुम्हालाही आलं असेल, नासाने सांगितलंय आयव्ही घरातली हवा शुद्ध करते. नासाचा तो अभ्यास खरा आहे, १९८९ चा, आयव्ही त्यात होती आणि बेन्झीन नावाचं घातक रसायन शोषून घेण्यात तिने चांगली कामगिरी केली होती, पण ते प्रयोग बंद पेटीत केलेले. २०१९ मध्ये दोन संशोधकांनी असे जुने सगळे प्रयोग एकत्र मांडून हिशोब केला तर साध्या घरात खिडकी-दारातून हवा जेवढी बदलते तेवढा परिणाम साधायला जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. म्हणजे आमच्या हॉलमध्ये माणसांना बाहेर काढून नुसत्या कुंड्या रचाव्या लागतील. खिडकी उघडा, सोपं आहे. घरात मांजर, कुत्रं किंवा रांगतं बाळ असेल तर मात्र कुंडी उंच टांगा, पानं-फळं पोटात गेली तर उलट्या, जुलाब होतात. खोकल्याच्या काही सिरपमध्ये आयव्हीच्या पानांचा अर्क असतो हे खरं पण म्हणून कुणी घरी काढा करू नका, आमच्या शेजारच्या आजींना मी हे दोनदा सांगितलंय.

आता बाहेरची. माझी मावसबहीण इंग्लंडात लीड्सला असते, दोन वर्षांपूर्वी सप्टेंबर अखेर तिच्याकडे गेले आणि मागचं अंगण बघून मी दारातच थांबले. कुंपण दिसतच नव्हतं. सगळी आयव्ही. कुंपण, शेड, शेडच्या मागचं झाड, त्या झाडाच्या शेंड्यापर्यंत आयव्ही, आणि खोड माझ्या मनगटाएवढं जाड. मी जिला हँड शॉवरने आंघोळ घालते ती! ताई म्हणाली, "हवी तेवढी घेऊन जा बाई, वर पैसे देते." (बॅगेत घालून आणता येत नाही, प्लांट क्वारंटाइनचे नियम आहेत, नाहीतर आणलीच असती.) तिच्यासाठी आयव्ही म्हणजे आपल्याकडे गाजरगवत जसं, दर वर्षी काढा, दर वर्षी परत. अमेरिकेच्या ओरेगन-वॉशिंग्टनकडे तर ती जंगलांत घुसली म्हणून लोक टोळ्या करून उपटतात.

वर शेंड्याकडे बोट दाखवून मी म्हटलं ते दुसरंच झाड आहे, पानं बघ कशी साधी, टोकं नाहीत. तर तीही आयव्हीच. आयव्हीचं असं असतं की लहानपणी तिची पानं टोकाटोकांची, अंग वेलीचं, मुळांनी चिकटत चढायचं, आणि भरपूर वर चढून उजेडात गेली, वय झालं, की ती मोठी होते, पानं साधी, फांद्या झुडपासारख्या, चिकटणारी मुळं बंद, आणि मग फुलं. पिवळट हिरव्या गोळ्यांसारखी फुलं, आणि त्यावर माश्यांचा, मधमाश्यांचा इतका गोंगाट की खाली उभं राहून ऐकू येत होता. थंडीच्या तोंडावर तिकडे बाकीची फुलं संपतात तेव्हा ही फुलते म्हणून सगळी गर्दी हिच्यावर. आयव्हीच्या फुलांवरच जास्त करून जगणारी एक वेगळी मधमाशी आहे, तिची वेगळी जात म्हणून ओळख १९९३ मध्ये पटली आणि ब्रिटनमध्ये ती पहिल्यांदा दिसली २००१ मध्ये. थंडीच्या शेवटी काळी फळं येतात, ती पक्षी खातात. आपल्या कुंडीतली आयव्ही म्हणजे जन्मभर शाळकरी पोर, तिला फुलं यायचीच नाहीत, तेवढी उंची आणि तेवढी वर्षं आपण तिला देतच नाही. "याला येतं काय" या आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला लीड्सच्या त्या झाडाखाली मिळालं आणि मी लगेच व्हिडिओ कॉल केला. आई म्हणाली, "काळी फळं खायची का?" नाही म्हटलं. "मग काय उपयोग."

ताईला मदत म्हणून मी उत्साहात अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टवर दोन तास वेल ओढली आणि रात्री दोन्ही हातांवर लाल चट्टे. आयव्हीच्या चिकात फॅल्कॅरिनॉल नावाचं काहीतरी असतं (गाजरातही थोडं असतं म्हणे), काहींच्या त्वचेला ते झोंबतं, त्यातली मी एक. पूर्ण बाह्या आणि हातमोजे, एवढं लक्षात ठेवा. दुसरं म्हणजे भिंतीवरची ताजी वेल ओढायची नसते, बुंधा कापून ठेवायचा, वेल वरपर्यंत वाळू द्यायची आणि मग काढायची, ताजी ओढली की रंग, पोपडे, सगळं सोबत येतं. आणि तिकडे वसंतात पक्ष्यांची घरटी आत असतात, त्या काळात घरटं मोडणं कायद्याने गुन्हा आहे, म्हणून ताई हे काम शरदात किंवा थंडीत करते.

ताईच्या शेजाऱ्यांचं ठाम मत होतं की आयव्ही घर खाते. झाड तरी ती खात नाही, ती बांडगूळ नव्हे, तिचं अन्नपाणी जमिनीतल्या मुळांतून, खोडाला नुसती धरून असते, वजन आणि सावलीचा त्रास होतो तेवढाच. भिंतींचं म्हणाल तर ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेसाठी जुन्या भिंतींवर बरीच मोजमापं घेतली होती आणि त्यांना दिसलं की आयव्हीखालची भिंत दिवसा कमी तापते, रात्री कमी गारठते, रस्त्याची धूळही पानांवरच अडते. अट एकच, भिंत धड हवी. आधीच भेग असेल, खरी मुळं (नुसती चिकटणारी नव्हेत) त्यात शिरली, तर मग शेजारी म्हणतात ते बरोबर.

हे सगळं ऐकून आलेली मी, आणि आमच्या सोसायटीची कंपाउंड वॉल. इंग्लिश आयव्ही पुण्यात बाहेर पश्चिमेच्या भिंतीवर टिकणार नाही एवढी अक्कल तोवर आली होती (आपल्या देशात तिची सख्खी बहीण, हेडेरा नेपालेन्सिस, हिमालयात रानात वाढते, शिमला-मसुरीकडे ओकच्या झाडांवर चढलेली दिसते, पण ते हवामान कुठे आणि आपलं कुठे), म्हणून फायकस पुमिलाची चार रोपं लावली होती, तीही लीड्सला जायच्या आधीच. पहिलं वर्ष काही हललं नाही. दुसऱ्या वर्षी वीतभर, हातभर. तिसऱ्या पावसाळ्यात ती अशी सुटली की कंपाउंड संपवून इमारतीच्या भिंतीवर चढली आणि पहिल्या मजल्यावरच्या काकांच्या स्वयंपाकघराच्या एक्झॉस्ट फॅनमध्ये शिरली. मीटिंग झाली. अजेंड्यावर शेवटचा विषय "वेल", आणि तीच दीड तास चालली, एका बाजूला भिंत गार राहते म्हणणारे, दुसऱ्या बाजूला साप येतात म्हणणारे. शेवटी माळीदादांनी इमारतीवरची काढली, तिथे भिंतीवर मुळांचे तपकिरी ठसे राहिलेत, घासून जात नाहीत, रंग लावल्यावरच जातील. कंपाउंडवरची राहिली, वर्षातून दोनदा कात्री मारायची या अटीवर आणि कात्री मारायची मी.

ती कात्री चुकवू नका, कारण फायकसचंही आयव्हीसारखंच आहे, मोठी झाली की भिंत सोडून जाड फांद्या बाहेर फेकते, पानं चौपट मोठी होतात आणि वर हिरवी पेरूसारखी फळं. आईने अर्थातच विचारलं. खायची नाहीत, पण तैवानमध्ये हिच्याच एका जातीच्या बिया पाण्यात चोळून जेली करतात, हे सांगितल्यावर प्रथमच तिने "असं?" म्हणून नीट वळून बघितलं.

सध्याची परिस्थिती अशी की आईने मागच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला ओळखीच्या कुणाकडून तरी तोंडलीचा फाटा आणून माझ्या आयव्हीच्या शेजारच्या रिकाम्या कुंडीत, चौथीच्या कुंडीत, खोचला. ना बोट घालून बघणं, ना आंघोळ, ना निंबोळी तेल. दोन महिन्यांत तोंडली ग्रिलच्या वरच्या गजाला पोचली आणि आता दोघींची पानं एकमेकींत अशी मिसळलीत की मी ताणे शोधून ठरवते पाणी कुणाला घालायचं. रविवारी अकरा तोंडली निघाली, काचऱ्या केल्या. आयव्हीची सात छाटं बाटल्यांत आहेत, पुण्यात असाल आणि हवी असतील तर दिवाळीनंतर सांगा, त्याआधी नेऊ नका.